पेरावी तरच फुलते: घरच्या बागेतल्या पॉपीविषयी

खसखस प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असते. अनारसा तिच्यावर थापला जातो, करंजीच्या सारणात ती भाजून पडते, मटणाच्या वाटणाला तीच दाटपणा आणते. पण ज्या झाडाच्या बोंडात ही खसखस भरते त्याचे फूल आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे, आणि हौसेखातर ते परसात लावायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पॉपीचे नाव निघाले की आधी अफू आठवते, मग पोलीस, आणि फूल सगळ्यात शेवटी. कुणाच्या बागेत तांबड्या पॉपीचा वाफा फुलला की शेजारी हटकून विचारतात, "हे चालतं का लावलेलं?" बियांपासून पॉपी वाढवण्याविषयीचे हे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती देताना या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच पानावर दिलेले बरे.

अफू आणि खसखस देणारी पॉपी म्हणजे पापावेर सोम्निफेरम. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानुसार तिची लागवड परवान्याशिवाय गुन्हा ठरते. परवाना मिळतो तोही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांतल्या शेतकऱ्यांना, सरकारी देखरेखीखाली. ब्रिटनमध्ये हीच प्रजात शोभेचे झाड म्हणून अंगणात राजरोस लावली जाते. तिचे दुहेरी पाकळ्यांचे, शेवंतीसारखे गच्च भरलेले प्रकार तिथल्या बियाण्यांच्या याद्यांत असतात आणि तिथून ते आपल्याकडच्या हौशी माणसांच्या हाती पोचतात. पण कायदा फुलाचा थाट पाहत नाही, प्रजात पाहतो. तेव्हा हे पुस्तक त्या झाडाला हात लावत नाही, आणि वाचकानेही डब्यातली खसखस कुंडीत टाकून पाहू नये. ओळखायचे झाले तर पाने पाहावीत. अफूच्या झाडाची पाने गुळगुळीत, राखाडी झाक असलेली आणि खोडाला बिलगलेली असतात. बागेत चालणाऱ्या शर्ली पॉपीची पाने हिरवी, खोल कातरलेली आणि केसाळ असतात. शर्लीत मॉर्फिन नसते. तरी ते खाण्याचे झाड नव्हे, एवढे घरात लहान मुले असतील तर सांगून ठेवावे.

हा एक सदस्य वगळला तरी पॉपीचे कुळ मोठे आहे आणि आपल्याला ते वाटते तितके परके नाही. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात उगवणारा काटेरी पिवळा धोतरा याच कुळातला. तो मूळचा मेक्सिकोकडचा, पण इथे पक्का रुजला आहे. मोहरीच्या तेलात त्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली की अंगावर सूज येणारा जीवघेणा आजार पसरतो. १९९८ मध्ये दिल्लीत तसे घडले होते. कुळाच्या दुसऱ्या टोकाला हिमालयातली निळी पॉपी आहे. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला ऐन पावसाळ्यात जाणाऱ्या मराठी ट्रेकरांनी ती पाहिलेली असते, आणि परतल्यावर तिचे बी कुठे मिळेल अशी विचारणा करणाराही एखादा निघतोच. तिला थंड, ओलसर उन्हाळा लागतो. पुण्यात तिचा नाद सोडावा. हीच गोष्ट ओरिएंटल पॉपीची. अठराव्या शतकाच्या आरंभी तूर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आर्मेनियाकडून तिला पॅरिसला नेले. हे बहुवर्षायू झाड कडाक्याच्या हिवाळ्यावर जगते. आपला वैशाख आणि त्यामागून येणारा पाऊस त्याला सोसत नाही.

महाराष्ट्रातल्या घरच्या बागेसाठी उरतात त्या एका हिवाळ्यात जगून संपणाऱ्या चार पॉपी. पहिली शर्ली, म्हणजे युरोपातल्या गव्हाच्या शेतातल्या तांबड्या पॉपीची बागेत आलेली लेक. दुसरी कॅलिफोर्निया पॉपी, केशरी, सोशिक, हलक्या जमिनीतही हसतखेळत येणारी. तिसरी आइसलँड पॉपी. नाव आइसलँडचे असले तरी माहेर सायबेरिया-मंगोलियाकडचे. चौथी लेडीबर्ड, गडद तांबड्या पाकळ्यांवर काळा ठिपका असलेली, कुंडीत शोभणारी.

यांतल्या पहिलीचा प्रवास सगळ्यात जुना. पश्चिम आशियातून गव्हाची शेती युरोपात पसरली तशी तीही बियाण्यात मिसळून पसरली. ग्रीकांची धान्यदेवता डिमिटर हिच्या हातात गव्हाच्या ओंब्यांबरोबर पॉपी दिसते ती उगाच नाही. पण शेतकऱ्याच्या लेखी ते तणच होते, आणि चिवट तण होते. एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि जमिनीत गाडल्या गेल्या तर वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उजेड मिळाला, माती हलली, की उगवतात. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सची जमीन तोफगोळ्यांनी उलथीपालथी झाली आणि सैनिकांच्या कबरींभोवती तांबडा गालिचा पसरला, त्यामागचे कारण हेच. जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरची कविता १९१५ ची. तिच्यामुळे पॉपी हे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचे चिन्ह झाले. त्याच आघाडीवर भारतीय पलटणीही लढल्या होत्या. पुढे तणनाशके आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या शेतांतून ही पॉपी बरीच हटली. शेतातून हटलेले हे झाड आज बागांतही टिकून आहे.

तणाचे बागफूल कसे झाले ही या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. १८८० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेला शर्ली गावी विल्यम विल्क्स नावाचे पाद्री होते. त्यांच्या बागेचा एक कोपरा शेताला लागून होता आणि तिथे रानटी पॉपी माजल्या होत्या. त्यांत एका फुलाच्या पाकळ्यांना अगदी बारीक पांढरी कड होती. विल्क्स यांनी त्या फुलावर खूण केली आणि तेवढ्याच बोंडाचे बी राखले. पुढच्या वर्षी सुमारे दोनशे झाडांतून चार-पाच झाडांची फुले कडेची निघाली. त्यांचे बी पुन्हा राखले, बाकीची झाडे उपटली. वर्षामागून वर्षे हाच क्रम चालू राहिला. तांबडा रंग फिका होत गेला, गुलाबी, अबोली, पांढऱ्या छटा आल्या आणि शेवटी पाकळीच्या बुडाचा काळा डागही गेला. प्रयोगशाळा नाही, संकर नाही. रोज सकाळी वाफ्यावर फिरणारा आणि नको ते निर्दयपणे उपटणारा एक माणूस होता. विल्क्स पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे सचिव झाले आणि सुमारे तीन दशके त्या पदावर राहिले. बी मात्र त्यांनी मागेल त्याला फुकट वाटले. आज जगभर विकली जाणारी शर्ली त्या एका कोपऱ्यातून निघाली.

हेच काम विसाव्या शतकात चित्रकार सेड्रिक मॉरिस यांनी सफोकमधल्या बेंटन एंड या आपल्या घरी केले. विल्क्सना स्वच्छ, उजळ रंग हवे होते, मॉरिसना धुरकट. राखी, जांभळट, धुवून फिका पडल्यासारखा गुलाबी अशा छटा त्यांनी निवडून काढल्या, आणि मदर ऑफ पर्ल या नावाने आज जे बी मिळते त्याची परंपरा त्यांच्यापर्यंत जाते. एकाच तणातून दोन माणसांनी दोन वेगळी फुले काढली ती केवळ निवडीच्या जोरावर.

कॅलिफोर्निया पॉपीची हकिगत वेगळी. तिला कुणी फारसे घडवले नाही, जशी सापडली तशी ती बागेत आली. १८१६ मध्ये रुरिक हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात लागले. त्यावरच्या शामिसो या कवी-निसर्गशास्त्रज्ञाने हे फूल टिपले आणि जहाजावरचे डॉक्टर एशशोल्त्स या मित्राचे नाव त्याला दिले. १९०३ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे राज्यपुष्प झाले. बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना मार्च-एप्रिलमध्ये केशरी होणाऱ्या टेकड्या ठाऊक असतात. तिथे हिवाळी पावसाच्या तोंडावर बी फेकले की काम झाले.

आपल्याकडे पॉपी दोन वाटांनी आली. चित्रांत ती शाहजहानच्या काळापासून आहे. मुघल चित्रसंग्रहांच्या कडांवर, नक्षीत, कापडावर ती वारंवार दिसते. शोभेचे हंगामी फूल म्हणून मात्र ती इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर, आगगाडीने आणि टपालाने आलेल्या बियांच्या पाकिटांतून पसरली. पुण्याला या बाबतीत जुनी परंपरा आहे. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची, आणि पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी १८८४ ची. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला आजही गर्दी लोटते.

बी पेरावे कसे याबद्दल बागवानांत तट आहेत आणि नवख्याने ते ओळखून घ्यावेत. एक तट रानवटपणाचा. विल्यम रॉबिन्सन यांच्या १८७० च्या द वाइल्ड गार्डन या पुस्तकापासून तो मानतो की फुलझाड आपले आपण रुजावे, माणसाने फक्त जागा द्यावी. त्याचे आजचे रूप म्हणजे मिश्र बियांचे कुरण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक पार्कसाठी नायजेल डनेट आणि जेम्स हिचमॉ यांनी अशी कुरणे मोठ्या प्रमाणावर केली. दुसरा तट विल्क्स-मॉरिस यांचा, निवडीचा: कमी झाडे, डोळसपणे राखलेली. तिसरा तट ताटव्यांचा, म्हणजे एका रंगाची, एका उंचीची झाडे ओळीने. आपल्या सरकारी उद्यानांनी आणि बंगल्यांच्या माळ्यांनी तोच चालवला. या पद्धतीत बी ट्रेमध्ये टाकून तीन-चार पानांवर आलेले रोप मातीच्या गोळ्यासकट हलवतात. आइसलँड पॉपी हे सोसते. शर्ली आणि कॅलिफोर्निया सहसा नाही, कारण त्यांचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि एकदा दुखावले की झाड खुरटते. या पुस्तकाचा कल पहिल्या दोन तटांकडे आहे आणि मलाही तोच योग्य वाटतो. बहुतेक पॉपी रोपवाटिकेतून तयार आणून लावायची नसते. जिथे फुलायची तिथेच पेरायची असते.

पेरणीचे तंत्र थोडक्यात सांगता येते, पण त्यातल्या दोन गोष्टी हातानेच शिकाव्या लागतात. पहिली, बी किती बारीक आहे याचा अंदाज. शर्लीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ८ ते १० हजार बिया येतात, आणि छोट्या वाफ्याला लागणारी झाडे असतात वीस-पंचवीस. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या, चाळलेल्या वाळूत कालवून फोकावे. वाफा आधी भिजवून वाफशावर आणलेला असावा आणि बियांवर माती लोटू नये, नुसते हाताने दाबावे. उगवायला उजेड लागतो आणि १५ ते २० अंशांचा गारवा. देशावर हा गारवा ऑक्टोबरचा चटका ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे येतो. परतीचा पाऊस लांबला तर त्यानंतर. एक-दोन आठवड्यांत हिरवी लव दिसते, तेवढ्यात मुंग्यांनी बी वाहून नेले नाही तर. पाणी बारीक झारीने घालावे, पण वाफा सतत ओला ठेवू नये. कोवळी रोपे बुडाशी मर लागून एका रात्रीत आडवी होतात.

दुसरी गोष्ट विरळणीची. लव दोन बोटे उंच झाली की प्रत्येक झाडाभोवती वीतभर जागा राहील अशा बेताने बाकीची रोपे काढायची असतात. रोप उपटताना शेजारच्याचे मूळ हलते, म्हणून कात्रीने जमिनीलगत कापलेले बरे. आपण पेरलेली, आपण पाणी घातलेली शंभरातली नव्वद रोपे कापायला हात धजत नाही. पण दाटीत वाढलेली पॉपी वीतभरच उंच होते, एखादे फूल देते आणि मान टाकते. मोकळी वाढलेली तीच पॉपी गुडघ्यापर्यंत येते आणि महिनाभर कळ्या देत राहते. या पुस्तकातला एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळावा.

मग जानेवारी-फेब्रुवारीत जे दिसते त्यासाठी पहाटे उठावे लागते. केसाळ कळी दिवसेंदिवस खाली मान घालून असते. उमलायच्या आधी देठ ताठ होतो. सकाळच्या उन्हात दोन्ही निदले सुटून गळतात आणि आत घडी घालून कोंबलेल्या चार पाकळ्या चुरगळलेल्या अवस्थेत बाहेर येतात. बघता बघता त्या ताणल्या जातात, तरी सुरकुत्या पूर्ण जात नाहीत. या फुलात मध नसतो. मधमाश्या येतात त्या परागासाठी, आणि येतात त्याही सकाळीच. एक-दोन दिवसांत पाकळ्या गळतात. कॅलिफोर्नियाची रीत न्यारी: तिची निदले जुळून टोकदार टोपी झालेली असते, ती फूल वर ढकलून टाकते, आणि ढगाळ दिवशी फूल मिटूनच राहते. हार, वेणी, फुलदाणी यांपैकी कशातच शर्ली टिकत नाही. ज्याला देवपूजेला फुले हवी आहेत त्याने झेंडू लावावा.

पाकळ्या गळाल्यावर उरते ते बोंड. होळीच्या उन्हात ते वाळते, झाकणाखाली बारीक छिद्रे उघडतात आणि वाऱ्याने देठ डोलला की मिठाच्या डबीतून पडावे तसे चार-चार बी बाहेर पडते. युरोपात इथे माणसाचे काम संपते; बाकीचे माती पाहते. आपल्याकडे मात्र मार्चमध्ये पडलेल्या बियांना दोन महिने तापलेली माती आणि मग चार महिने चिखल सोसायचा असतो. त्यावर विसंबता येत नाही. युरोपात जे काम जमीन करते ते इथे बागवानाला करावे लागते: बोंडे फुटायच्या आत कापायची, कागदी पाकिटात वाळवायची आणि पावसाळ्यातला दमटपणा लागू नये म्हणून हवाबंद बरणीत, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवायची. माझ्या मते इथे आपला तोटा नाही, फायदा आहे. बी राखायचेच आहे तर कोणत्या झाडाचे राखायचे हा प्रश्न आपोआप समोर येतो, आणि तिथून प्रत्येक बागवान विल्क्स यांच्या वाटेला लागतो. शर्लीचे एक झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही, म्हणून दहा-बारा तरी झाडे लागतात. आणि नको असलेला रंग दिसताच ते झाड काढावे लागते, नाहीतर मधमाशी त्याचा पराग सगळीकडे पोचवते.

आज या विषयाची गरज काय, असे कुणी विचारील. शहरातली बाग आता विकत आणायची गोष्ट झाली आहे. रोपवाटिकेतून फुललेली कुंडी येते, महिनाभर शोभते आणि फेकली जाते. बियाण्यांच्या बाजारात संकरित वाणांचा जोर आहे; त्यांचे बी राखले तर पुढच्या वर्षी तेच फूल येईल याची खात्री नसते. बी ओळखणे, पेरणे, विरळणी करणे, राखणे ही कामे आपल्या आज्या परसात दुधी-घेवड्यासाठी करत होत्या, ती दोन पिढ्यांत विसरली गेली. पॉपी ती पुन्हा शिकवते, कारण तिच्यापाशी दुसरा इलाज नाही. शिवाय ती स्वस्त आहे. एक पाकीट, एक वाफा किंवा फूटभर खोल कुंडी, आणि चार-पाच तास उन्हाची जागा एवढ्यावर भागते. खताचा मारा तर नकोच. जास्त शेणखताने पाने माजतात आणि फुले कमी येतात.

लेखिकेने हे पुस्तक वर्षाच्या क्रमाने रचले आहे, वनस्पतिशास्त्राच्या क्रमाने नाही, हे मला विशेष आवडले. वाचक ज्या महिन्यात ते उघडेल त्या महिन्याचे काम त्याला सापडेल. देश, खानदेश, विदर्भ यांच्या हिवाळ्यांतला फरक त्यांनी लक्षात घेतला आहे. कोकण आणि मुंबईकरांना त्या खोटी आशा दाखवत नाहीत. दमट, उबदार हवेत कॅलिफोर्नियाची एखादी कुंडी साधली तरी पुष्कळ, असे त्या स्पष्ट लिहितात. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी पेरणीचे वेगळे वेळापत्रक आहे. हा पॉपीचा कोश नव्हे. सगळ्या जातींची यादी किंवा प्रदर्शनात बक्षीस मिळवण्याचे तंत्र यात मिळणार नाही. एका घरात, एका वाफ्यात, वर्षानुवर्षे आपले स्वतःचे पॉपीचे बी कसे तयार होते, एवढीच या पुस्तकाची प्रतिज्ञा आहे आणि ती पुरी झाली आहे.

वाचकाला एकच विनंती. पहिल्या हिवाळ्यात चारही पॉपी लावायचा मोह आवरा. एकच निवडा, शक्यतो शर्ली. विरळणी कठोरपणे करा आणि सर्वांत आवडलेल्या दोन-तीन फुलांच्या देठांना दोरा बांधून ठेवा. त्यांची बोंडे कापाल तेव्हा थोडे बी शेजाऱ्यालाही द्या, आणि त्याने विचारलेच तर सांगा, हे लावलेले चालते.